यकृताला उसंत मिळावी म्हणून

मराठी भाषेने माया आणि धैर्य ह्या दोन्ही गोष्टींचे घर काळजात मानले आहे. लेकरासाठी आईचे काळीज तुटते, आणि जो संकटात डगमगत नाही त्याचे काळीज वाघाचे म्हणतात. परंतु खाटकाच्या दुकानात जाऊन काळीज मागितले, तर तो हृदय देत नाही, यकृत देतो. आणि शरीरशास्त्राच्या दृष्टीने खाटकाचेच बरोबर आहे. उजव्या बाजूच्या बरगड्यांखाली असलेला हा अवयव प्रौढ माणसात साधारण सव्वा ते दीड किलो वजनाचा असतो. अन्नरस साठविणे, पित्त तयार करणे, रक्त गोठण्यास लागणारी द्रव्ये निर्माण करणे, रक्तातील विषारी पदार्थांचा निचरा करणे, अशी शेकडो कामे तो रात्रंदिवस करीत असतो. ही कामे सुरळीत चालली आहेत तोवर त्याची कोणाला आठवण होत नाही. डोळे पिवळे दिसू लागले म्हणजे मात्र घरात धावपळ सुरू होते.

आमच्या लिंबायतीत ही धावपळ नवी नाही. सुरत शहराच्या ह्या आग्नेय भागात धुळे, जळगाव, नंदुरबार ह्या जिल्ह्यांतून पोटासाठी आलेली मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. यंत्रमागावरील बारा तासांची पाळी, एका खोलीत पाचसहा माणसे, आणि पावसाळ्यात मिठी खाडी फुगली म्हणजे गल्लीत शिरणारे पाणी, हे येथील परिचित जीवन होय. पिण्याच्या पाण्यात सांडपाणी मिसळले की काविळीच्या ‘अ’ आणि ‘ई’ जातीच्या विषाणूंना वाट मोकळी होते. मग कोणी रुग्णाच्या डोक्यावर वनस्पतीच्या काड्यांची माळ ठेवून घेते. काड्या सुकतात, दोऱ्याच्या गाठी सैलावतात, माळ लांबत लांबत गळ्यावरून खाली उतरते; तितक्यात रुग्णाला भूक लागू लागते आणि ‘माळेने कावीळ उतरली’ असे सारी गल्ली म्हणते.

वस्तुतः ह्या जातीची कावीळ झालेली बहुतेक माणसे काही आठवड्यांत आपोआप बरी होतात, कारण यकृताला स्वतःची झीज भरून काढण्याची विलक्षण शक्ती आहे. त्याचा मोठा भाग कापून काढला, तरी उरलेला निरोगी भाग वाढून ती तूट भरून काढतो. शरीरातील दुसऱ्या कोणत्याही मोठ्या अवयवाला हे इतक्या प्रमाणात साधत नाही. काम यकृताने करावे आणि श्रेय माळेला मिळावे, हे आपण पिढ्यानपिढ्या पाहत आलो आहोत. ही गोष्ट मी मुद्दाम आधी सांगितली. कारण ज्या नव्या उपचाराविषयी मला लिहावयाचे आहे, त्याचे मर्म आणि त्याची अडचण ही दोन्ही ह्याच शक्तीत दडलेली आहेत.

गेल्या वर्षी आमच्या गल्लीतील एक तरुण माग-कारागीर एक छापील पत्रक घेऊन माझ्याकडे आला. मी येथील मराठी शाळेत अनेक वर्षे शिकविले असल्यामुळे कोर्टाच्या नोटिशीपासून औषधाच्या चिठ्ठीपर्यंत सारे काही वाचून घेण्यास लोक माझ्याकडे येतात. त्याचा थोरला भाऊ अडतीस वर्षांचा. पोटात पाणी झालेले, पाय सुजलेले, रात्री झोप नाही. ‘ब’ जातीच्या विषाणूने वर्षानुवर्षे आतून पोखरून त्याचे यकृत कठीण व गाठाळ करून टाकले होते. ह्यालाच डॉक्टर सिऱ्होसिस म्हणतात. शेजाऱ्यांनी निदान त्याआधीच करून ठेवले होते. राज्याच्या स्थापनेपासून येथे दारूबंदी आहे. तरीही ‘चोरून पीत असेल’ असे म्हणण्यास जिभेला कोठे बंदी आहे? त्या बिचाऱ्याने आयुष्यात दारूला स्पर्श केला नव्हता. आजारापेक्षा त्या बोलण्यानेच तो अधिक खचला होता.

पत्रक एका दूरच्या शहरातील खाजगी दवाखान्याचे होते. शस्त्रक्रियेवाचून, केवळ सुईने पेशी सोडून, निकामी यकृत पुन्हा नवे करून देण्याचे त्यात आश्वासन होते. खर्चाचा आकडा दोघा भावांच्या कित्येक वर्षांच्या मजुरीएवढा होता.

“गुरुजी,” तो म्हणाला, “गावाकडे दोन बिघे जमीन आहे. गिऱ्हाईक तयार आहे. विकून टाकू का? तुम्ही एकदा वाचून सांगा.”

मी त्याला म्हटले, “आठ दिवस थांब. तोवर कोणाकडून इसार घेऊ नकोस.”

त्या आठ दिवसांत मी जे वाचले आणि इस्पितळातील एका जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले, त्याचा सारांश वाचकांपुढे ठेवतो. असे पत्रक उद्या दुसऱ्या कोणाच्याही दारी येऊ शकेल.

यकृताच्या पेशींचे रोपण ही थाप नव्हे. त्यामागे अर्ध्या शतकाहून अधिक काळाचे प्रामाणिक संशोधन आहे. 1963 मध्ये अमेरिकेतील डेन्व्हर येथे डॉ. थॉमस स्टार्झल ह्यांनी मनुष्याच्या यकृताचे पहिले रोपण केले. त्यांना खरे यश 1967 मध्ये आले. भारतात अशी पहिली यशस्वी शस्त्रक्रिया 1998 मध्ये दिल्लीत एका लहान बालकावर झाली. परंतु ही शस्त्रक्रिया फार मोठी, फार खर्चाची आणि दात्यावर अवलंबून. तेव्हा शास्त्रज्ञांच्या मनात असा विचार आला की, घर कोसळू लागले असता सगळे घर बदलण्याऐवजी काही कामकरी माणसे आत पाठवून ते सावरता येईल काय? यकृतातील खरे काम त्याच्या पेशीच करतात. मग त्या पेशीच तेवढ्या का देऊ नयेत?

त्यासाठी पेशी जिवंत सुट्या करणे आवश्यक होते. 1969 मध्ये बेरी आणि फ्रेंड ह्या संशोधकांनी उंदराच्या यकृतातून एका पाचक द्रव्याच्या साहाय्याने पेशी अखंड सुट्या करण्याची रीत प्रसिद्ध केली. जन्मतः काविळीचा दोष असलेले ‘गन’ जातीचे उंदीर असतात. त्यांच्या शरीरात निरोगी पेशी सोडल्यावर रक्तातील पिवळे द्रव्य कमी झाल्याचे 1976 मध्ये मॅटास आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखविले. 1990 नंतरच्या पहिल्या काही वर्षांत जपानमध्ये डॉ. मितो ह्यांनी सिऱ्होसिसच्या रुग्णांवर हा प्रयोग केला. रुग्णाच्याच यकृताचा एक तुकडा घेऊन त्यातील पेशी त्यांनी त्याच्या प्लीहेत सोडल्या.

आपल्या देशातील पाऊलही फार मागे नव्हते. हैदराबादच्या डॉ. सी. एम. हबीबुल्ला आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1994 मध्ये एक अनुभव प्रसिद्ध केला. यकृत एकाएकी निकामी होऊन बेशुद्धीच्या काठावर पोचलेल्या सात रुग्णांच्या उदरपोकळीत त्यांनी मानवी गर्भाच्या यकृतातील पेशी सोडल्या होत्या. त्या वेळी भारतात संपूर्ण यकृताच्या यशस्वी रोपणालाच अजून चार वर्षे अवकाश होता, हे ध्यानात घेतले म्हणजे त्या प्रयत्नामागील तळमळ कळते.

सर्वांत गाजलेले उदाहरण 1998 सालचे, अमेरिकेतील ओमाहा येथील. दहा वर्षांची एक मुलगी क्रिग्लर-नज्जार नावाच्या दुर्मीळ जन्मजात विकाराने आजारी होती. पिवळे द्रव्य निकालात काढणारे एकच पाचक तिच्या यकृतात नव्हते. ते द्रव्य मेंदूत जाऊ नये म्हणून तिला रोज कित्येक तास निळ्या प्रकाशाखाली पडून राहावे लागे. डॉ. आयरा फॉक्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, ज्यांत जयंत रॉय चौधरी हे भारतीय वंशाचे संशोधकही होते, तिच्या यकृताकडे जाणाऱ्या मोठ्या शिरेतून दात्याच्या साडेसातशे कोटी पेशी सोडल्या. संख्या प्रचंड वाटते. पण संपूर्ण यकृताच्या मानाने हा अगदी लहानसा वाटा होय. तेवढ्यानेही पिवळे द्रव्य बरेच उतरले, प्रकाशाखालील तास कमी करता आले, आणि हा परिणाम अकरा महिन्यांहून अधिक काळ टिकला. लंडनच्या किंग्ज कॉलेज इस्पितळात डॉ. अनिल धवन ह्यांनी हेच काम लहान मुलांसाठी पुढे नेले.

प्रत्यक्ष कृती अशी असते. मेंदू मृत झालेल्या दात्याचे यकृत फार चरबीचे असले किंवा अन्य कारणाने जसेच्या तसे बसविण्याजोगे नसले, म्हणजे ते ह्या कामास येते. त्याच्या रक्तवाहिन्यांतून कोमट पाचक द्रव खेळविला की पेशींना बांधून ठेवणारा धागा विरघळतो. मग त्या गाळून, धुवून, निळ्या रंगाच्या द्रवात पारखतात. मेलेली पेशी निळी होते, जिवंत पेशी रंगाला आत येऊ देत नाही. अशा निवडलेल्या पेशी बारीक नळीने हळूहळू शिरेत सोडतात. घाई केली तर शिरेतील दाब वाढतो आणि रक्त गोठण्याचे भय असते.

आता ह्या उपचाराच्या मर्यादा पाहू. पाहुण्या पेशींना शरीर परके समजते, म्हणून रुग्णाला प्रतिकार दाबणारी औषधे घ्यावी लागतात. आणि तरीही काही महिन्यांनी त्या पेशी बहुधा विझत जातात. जगभरात शंभराहून अधिक रुग्णांवर हा उपचार झाला, पण जन्मजात दोष असलेल्या अनेक मुलांना पुढे संपूर्ण यकृत घ्यावेच लागले. गोठवून साठविलेल्या पेशी पूर्वीइतक्या सशक्त राहत नाहीत. सिऱ्होसिसमध्ये तर जमीनच खडकाळ झालेली असते. व्रणांनी आक्रसलेल्या यकृतात नव्या पेशींना रुजण्यास मऊ माती मिळत नाही. म्हणून आता निराळे मार्ग शोधले जात आहेत. 2024 मध्ये अमेरिकेत एका रुग्णाच्या पोटातील लसिकाग्रंथीत दात्याच्या पेशी सोडून तेथेच लहानसे जोडयकृत वाढते काय, हे पाहण्याचा प्रयोग सुरू झाला.

ह्यावरून मला जे कळले ते असे. हा उपचार आज तरी नवे यकृत देत नाही. तो आजारी यकृताला, किंवा दात्याची वाट पाहणाऱ्या रुग्णाला, थोडी उसंत देतो. लंडनमध्येच समुद्री शेवाळापासून काढलेल्या द्रव्याच्या सूक्ष्म गोळ्यांत पेशी भरून त्या आठ बालकांच्या उदरपोकळीत सोडण्यात आल्या. ह्या सर्वांचे यकृत एकाएकी निकामी झाले होते. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तान्ताप्रमाणे चार मुलांना रोपणाची गरजच उरली नाही, तिघांना दात्याचे यकृत मिळेपर्यंत तग धरता आला, एक मूल गेले. चार मुले आपल्याच यकृतावर घरी परतली, ही केवढी आनंदाची गोष्ट! परंतु त्यांना पेशींनी वाचविले की त्यांच्या यकृताने स्वतःच उभारी धरली, हे एवढ्यावरून ठरविता येत नाही; कारण तुलनेसाठी पेशी न दिलेल्या मुलांचा गट शेजारी नव्हता. माळेने कावीळ उतरते काय, हाच प्रश्न येथे शास्त्रज्ञ स्वतःला विचारतात. फरक इतकाच की माळ घालणारा तो प्रश्न कधी विचारीत नाही.

आणखी एक प्रश्न आपल्या वाचकांच्या मनात आल्यावाचून राहणार नाही: ह्या पेशी येतात कोठून? मृत्यूनंतर, स्वतःच्या किंवा कुटुंबीयांच्या संमतीने, मोबदल्यावाचून दिलेल्या अवयवदानाचा पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी 1995 च्या ‘जीवनाचे शुभवर्तमान’ ह्या परिपत्रकात गौरवाने उल्लेख केला, आणि 29 ऑगस्ट 2000 रोजी रोम येथे रोपणतज्ज्ञांच्या परिषदेपुढेही तेच सांगितले. गर्भाच्या पेशींविषयी मात्र ख्रिस्तसभेची भूमिका सावध आहे. हेतुपुरस्सर केलेल्या गर्भपाताशी कोणत्याही प्रकारे हातमिळवणी होता कामा नये, आणि गर्भाच्या देहाचाही मान राखला गेला पाहिजे, असे 1987 च्या मार्गदर्शनात स्पष्ट म्हटले आहे. एकाचा जीव वाचविताना दुसऱ्याच्या जीवाचे मोल विसरले जाऊ नये, ह्यासाठी हा प्रश्न विचारणे रुग्णाचा आणि त्याच्या कुटुंबाचा अधिकार आहे.

आठवे दिवशी तो तरुण आला. मी त्याच्यापुढे पत्रक पुन्हा उघडले. त्यात ‘पेशी’ म्हटले होते, पण त्या यकृताच्या पेशी नव्हत्याच. रुग्णाच्याच मज्जेतून काढावयाच्या मूलपेशी होत्या. ज्यांना लोक स्टेम सेल म्हणतात, त्या ह्याच. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक नियमांप्रमाणे काही रक्तविकार आदी ठराविक रोग सोडले, तर अशा पेशींचा उपयोग केवळ मान्यता मिळालेल्या प्रयोगातच करता येतो. आणि प्रयोगासाठी रुग्णाकडूनच पैसे घेणे संशोधनाच्या नीतीत बसत नाही. मी त्याला म्हटले, “बाबा रे, जे अजून प्रयोगात आहे ते विकत घेण्यासाठी बापजाद्यांची जमीन विकू नकोस. आधी भावाला सरकारी इस्पितळात ने.”

तेथे जे मिळाले ते फुकट होते. 28 जुलै 2018 रोजी सुरू झालेल्या राष्ट्रीय विषाणुजन्य यकृतदाह नियंत्रण कार्यक्रमात ‘ब’ आणि ‘क’ जातीच्या विषाणूंची तपासणी व औषधे विनामूल्य देतात. रोज एक गोळी सुरू झाली, विषाणू दबला, त्या थकलेल्या यकृताला आतून होणारा मारा थांबल्यामुळे हळूहळू थोडी उसंत मिळाली. काही महिन्यांनी पोटातील पाणी पुष्कळ कमी झाले. तो अजून मागावर परतलेला नाही, आणि परतेल असे डॉक्टर म्हणत नाहीत. परंतु दाराशी बसून मुलाचा अभ्यास घेतो. त्या आजाराचे नाव कळल्यापासून शेजाऱ्यांची कुजबुजही बंद झाली आहे.

ह्या कथेत एक कठीण वळण आहे, ते लपवीत नाही. धाकटा आपल्या यकृताचा तुकडा भावाला देण्यास केव्हाच तयार होता. कुटुंबातील सर्वांची तपासणी झाली तेव्हा त्याच्याही रक्तात तोच विषाणू निघाला. बहुधा दोघांनाही तो जन्माच्या वेळी आईकडूनच आला असावा. देण्यास निघालेला हात स्वतःच रुग्णाच्या यादीत आला. सुदैवाने त्याचे यकृत अद्याप शाबूत आहे आणि तो नियमाने तपासणीस जातो. थोरल्याच्या बायकोच्या रक्तात विषाणू नव्हता. तिने लस घेतली. मुलाला ती जन्मतःच दिलेली होती. आईबापांनी ध्यानात ठेवावे, की बाळ जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत दिलेली ही लस त्याचे सिऱ्होसिसपासून जे रक्षण करील ते पुढे कोणत्याही पेशींना करता येणार नाही.

थोरल्याचे नाव आता यकृताच्या प्रतीक्षायादीत आहे. उद्या त्याला संपूर्ण यकृत मिळो वा ह्या संशोधनाला यश येऊन पेशी मिळोत, त्या दोहोंसाठी कोणीतरी दाता व्हावा लागेल. ह्या बाबतीत सुरत शहराने देशात नाव मिळविले आहे. निलेश मांडलेवाला ह्यांची ‘डोनेट लाइफ’ ही संस्था अपघातात किंवा मेंदूतील रक्तस्रावाने मेंदू मृत झालेल्या माणसांच्या नातेवाइकांना भेटून, समजावून, अवयवदानाची संमती मिळविते. येथील दात्यांची यकृते अहमदाबादसारख्या शहरांत नेऊन रुग्णांना बसविली जातात. दुःखाच्या ऐन घटकेला, अतिदक्षता विभागाच्या दाराशी, जेव्हा काळीज खरोखरच तुटत असते, तेव्हा त्या कुटुंबाला ‘होय’ म्हणावयाचे असते. ती घटका आल्यावर प्रथमच विचार करावयाचा म्हटले, तर कोणाच्याही तोंडून शब्द फुटणे कठीण.

म्हणून वाचकांस माझी एक विनंती आहे. मरणाची भाषा घरात अशुभ, असे समजून आपण गप्प बसतो. एखाद्या रविवारी, सगळी माणसे जेवावयास एकत्र बसली असता, आपली इच्छा घरच्यांना स्पष्ट सांगून ठेवा, आणि त्यांचीही विचारून घ्या. त्याच बैठकीत कोणाची लस राहिली आहे, कोणाची रक्ततपासणी व्हावयाची आहे, हेही पाहून घ्या. ह्याला फार तर अर्धा तास लागेल, आणि जमीन विकावी लागणार नाही.